पेनिकीसचे कोठार: शिक्षकांच्या एका सागरशाळेचा इतिहास

१/२०
८ जुलै १८७३. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील न्यू बेडफर्ड हे देवमाशांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध असलेले बंदर. तेथून निघालेली एक आगबोट बझर्ड्स उपसागरातील जेमतेम पाऊणशे एकरांच्या, जवळजवळ वृक्षहीन अशा बेटाला लागली. बोटीतून उतरलेल्या मंडळींत बहुसंख्य होते शाळा-महाविद्यालयांतील शिक्षक आणि शिक्षिका. सुट्टीत समुद्राची हवा खाण्यासाठी ते आले नव्हते. समुद्रातील जीव स्वतःच्या हातात धरून पाहावेत आणि मग आपल्या विद्यार्थ्यांना शिकवावेत, एवढ्यासाठी ते आले होते. बेटाचे नाव पेनिकीस. आजचा धागा या बेटावरील अवघ्या दोन उन्हाळ्यांच्या शाळेविषयी आहे.

२/२०
प्रारंभी एक वैयक्तिक आठवण सांगतो. माझी प्राथमिक शाळा कोकणात, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर होती. वर्गात लाटांचा आवाज येत असे. तरीही तारामासा मी प्रथम पाहिला तो फळ्यावर, पाच टोकांची खडूची आकृती म्हणून. खाली लिहिले होते, ‘कंटकचर्मी संघ’. आम्ही ते वहीत उतरवून घेतले आणि पाठ केले. ओहोटीच्या वेळी आम्हांला खडपांवर नेण्याचे कोणाच्या मनात आले नाही. कारण आमच्या गुरुजींनाही कोणी कधी नेले नव्हते. पेनिकीसची कथा वाचताना मला राहून राहून तो फळा आठवत होता.

३/२०
एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील शाळांची स्थिती याहून फार निराळी नव्हती. निसर्गेतिहास हा विषय बहुतेक ठिकाणी पुस्तकातून वाचायचा, व्याख्या घोकायच्या आणि परीक्षेत म्हणून दाखवायच्या, अशा रीतीने शिकवला जाई. युरोपात या सुमारास समुद्रकाठच्या प्रयोगशाळा उभ्या राहू लागल्या होत्या. फ्रान्सच्या किनाऱ्यावर काँकार्नो येथे १८५९ मध्ये असे केंद्र निघाले होते आणि इटलीतील नेपल्स येथे अँटोन डोर्न यांनी १८७२ मध्ये आपल्या प्रसिद्ध केंद्राचा पाया घातला होता. परंतु ही केंद्रे संशोधकांसाठी होती. शाळेतील शिक्षकाने समुद्रकाठी येऊन शिकावे, ही कल्पना त्यांच्या केंद्रस्थानी नव्हती. पेनिकीसचे वेगळेपण नेमके येथे आहे.

४/२०
या शाळेचा प्रवर्तक होता लुई अगासी. जन्म १८०७, स्वित्झर्लंड. जीवाश्म माशांवरील त्याच्या ग्रंथमालेने त्याला तरुणपणीच युरोपभर कीर्ती मिळवून दिली. एके काळी पृथ्वीचा फार मोठा भाग हिमनद्यांखाली झाकला गेला होता, ही कल्पना त्याने १८४० च्या ग्रंथात हिरिरीने मांडली. १८४६ मध्ये तो अमेरिकेत आला, हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाला आणि १८५९ मध्ये तेथे तुलनात्मक प्राणिशास्त्राचे संग्रहालय उभारले. त्याची व्याख्याने ऐकण्यासाठी सभागृहे भरून वाहत. फळ्यावर खडूने प्राण्याचे चित्र काढत काढत तो बोलू लागला की श्रोते भारावून जात, असे त्या काळच्या अनेकांनी लिहून ठेवले आहे.

५/२०
अगासीच्या अध्यापनाविषयी दोन किस्से प्रसिद्ध आहेत. पहिला शिक्षकांच्या एका शिबिरातील. व्याख्यान होते कीटकांवर. अगासीने जिवंत नाकतोडे मागवले आणि प्रत्येक शिक्षकाच्या हातात एकेक दिला. सभागृहात हशा पिकला. नाकतोडे हातांतून निसटू लागले. त्याने शांतपणे ते पुन्हा धरायला लावले आणि मगच बोलायला सुरुवात केली. दुसरा किस्सा त्याच्या प्रयोगशाळेतील. नव्या विद्यार्थ्यासमोर तो एक मासा ठेवी आणि ‘पाहा’ एवढेच सांगून निघून जाई. पुस्तक नाही, भिंग नाही. तासाभरात विद्यार्थ्याला वाटे, सारे पाहून झाले. अगासी परत येऊन विचारी, काय दिसले? आणि उत्तर ऐकून म्हणे, अजून पाहा. असे तीन-तीन दिवस चाले.

६/२०
या कथेत एका व्यक्तीला नेहमी कमी जागा मिळते. ती म्हणजे अगासीची पत्नी एलिझाबेथ कॅरी अगासी. १८५५ मध्ये तिने केंब्रिजमधील आपल्या घरात मुलींची शाळा काढली आणि ती आठ वर्षे चालवली. १८५९ मध्ये तिने मुलांसाठी निसर्गेतिहासाचे एक छोटे पुस्तक लिहिले. समुद्रफूल, प्रवाळ, तारामासा यांची ओळख त्यात सोप्या, घरगुती भाषेत करून दिली होती. १८६५ मध्ये सावत्र मुलगा अलेक्झांडर याच्यासह तिने मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरील सागरी जीवांवर आणखी एक पुस्तक प्रसिद्ध केले. शाळा आणि समुद्र यांना जोडणारे हे लेखन पेनिकीसच्या आधीचे आहे, हे ध्यानात ठेवावे.

७/२०
उन्हाळी सागरशाळेची मूळ सूचना अगासीचा विद्यार्थी आणि पुढे हार्वर्डचा भूवैज्ञानिक झालेला नॅथॅनिएल शेलर याची. आरंभी नँटकेट बेटाचा विचार होता. परंतु पैसा नव्हता. १८७३ च्या वसंतात मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाचे सदस्य हार्वर्डचे संग्रहालय पाहायला आले, तेव्हा अगासीने त्यांच्यापुढे ही योजना कळकळीने मांडली. ते भाषण वर्तमानपत्रात छापून आले. न्यूयॉर्कमधील तंबाखूचा श्रीमंत व्यापारी जॉन अँडरसन याने ते वाचले आणि आपले पेनिकीस बेट देऊ केले. वर पन्नास हजार डॉलर दिले. अगासी तेव्हा ६६ वर्षांचा होता, चार वर्षांपूर्वीच्या गंभीर आजाराने खचलेला होता. तरीही त्याने त्याच उन्हाळ्यात शाळा सुरू करण्याचे ठरवले.

८/२०
उद्घाटनाच्या तीन दिवस आधी, शनिवारी, अगासी बेटावर पोहोचला तेव्हा विद्यार्थ्यांच्या निवासाची इमारत अर्धवट होती. जमिनीच्या फळ्याही बसल्या नव्हत्या. दुसरा दिवस रविवार, म्हणजे त्या धर्मनिष्ठ समाजात विश्रांतीचा दिवस. अगासीने सर्व सुतारांना एकत्र बोलावले. या कामात कोणाचाही आर्थिक लाभ नाही, हे केवळ शिक्षणासाठी चालले आहे, असे त्याने सांगितले आणि विचारले: उद्याचा दिवस विश्रांतीचा मानायचा की कामाचा? सर्वांनी एकमुखाने उत्तर दिले, कामाचा. एलिझाबेथने पतीच्या चरित्रात ही हकीकत नोंदवली आहे. शाळेचा इतिहास सांगताना दात्यांची नावे येतात. या सुतारांची नावे मात्र इतिहासात फारशी उरलेली नाहीत.

९/२०
उद्घाटन झाले ते एका जुन्या कोठारात. मेंढ्यांना हलवून जमिनीवर नव्या फळ्या टाकल्या होत्या. दारे उघडी होती, वाऱ्याबरोबर समुद्राचा वास येत होता आणि छताखालच्या घरट्यांत पाकोळ्यांची ये-जा चालू होती. अगासी उठून उभा राहिला. कोणत्याही पुरोहिताला न बोलावता त्याने सर्वांना क्षणभर मूक प्रार्थना करण्याची विनंती केली. कवी जॉन व्हिटिअर याने पुढे याच प्रसंगावर कविता लिहिली आणि अमेरिकेत पेनिकीसचे नाव मुख्यतः त्या कवितेमुळे टिकले. आपण मात्र प्रार्थनेनंतर काय झाले ते पाहू.

१०/२०
दिनक्रम साधा होता. प्रत्येकाला प्रयोगशाळेत खिडकीजवळ आपापले टेबल. सकाळी व्याख्यान, मग ओहोटीला खडकांवर फिरून जीव गोळा करणे, परतल्यावर विच्छेदन, निरीक्षण आणि रेखाटन. लहान बोटीतून समुद्रतळ खरवडून आणण्याचे काम पूर्तालेस या अनुभवी सागरशास्त्रज्ञाकडे होते. जाळे वर आले की त्यातील चिखल, शंख-शिंपले, तारामासे आणि किडे यांभोवती सारे जमत. प्रयोगशाळेच्या भिंतीवर कापडाचे फलक टांगलेले होते. त्यांपैकी एकाचा आशय असा: निसर्गाचा अभ्यास करा, पुस्तकांचा नव्हे. येथे शिकणारे बहुतेक जण दोन महिन्यांनी आपापल्या वर्गांत परतणार होते, म्हणून पाहायचे कसे याबरोबर ते मुलांना दाखवायचे कसे, हाही अभ्यासाचाच भाग होता.

११/२०
पहिल्या तुकडीत सुमारे पन्नास जण होते आणि त्यांत डझनाहून अधिक स्त्रिया होत्या. ज्या काळी हार्वर्डचे वर्ग स्त्रियांना बंद होते, त्या काळी हार्वर्डच्या सर्वांत नामांकित प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत शिक्षिका पुरुषांच्या बरोबरीने माशाचे विच्छेदन करीत होत्या. निवासाची इमारत अपुरी असल्याने आरंभी स्त्री-पुरुषांच्या झोपण्याच्या जागा शिडाच्या कापडाचा पडदा लावून वेगळ्या केल्या होत्या. माउंट होलिओक या मुलींच्या संस्थेतील वनस्पतिशास्त्राची अध्यापिका लिडिया शॅटक पहिल्या उन्हाळ्यात आली. दुसऱ्या उन्हाळ्यात तिची तरुण सहकारी कॉर्नेलिया क्लॅप आली. हे नाव लक्षात ठेवा.

१२/२०
१४ डिसेंबर १८७३ रोजी अगासीचे निधन झाले. १८७४ चा उन्हाळा त्याच्या मुलाने, अलेक्झांडरने, कसाबसा पार पाडला. पुढे पैशाची सोय झाली नाही, दात्याचाही उत्साह ओसरला होता, आणि शाळा बंद पडली. बेटाच्या नशिबी पुढे निराळीच कामे आली: १९०५ ते १९२१ या काळात तेथे कुष्ठरुग्णांचे रुग्णालय होते. संस्थांचा इतिहास इमारती आणि सनदा यांवरून मोजला, तर पेनिकीस हे एक अपयश ठरते. परंतु ही शाळा शिक्षकांची होती. तिचे फलित शोधायचे, तर बेट सोडून त्या शिक्षकांच्या मागे जावे लागते.

१३/२०
पहिला धागा बोस्टनचा. अगासीचा विद्यार्थी अल्फिअस हायट याने १८८१ पासून अ‍ॅनिसक्वाम येथे समुद्रकाठची छोटी प्रयोगशाळा चालवली. तिला आधार होता बोस्टनमधील स्त्रियांच्या एका शिक्षण संघटनेचा. शिक्षिकांना विज्ञान प्रत्यक्ष शिकता यावे, हा त्या संघटनेचा आग्रह होता. याच प्रयत्नातून १८८८ मध्ये वुड्स होल येथे सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळा उभी राहिली. तिच्या पहिल्या विश्वस्तांत स्त्रियाही होत्या. पहिला संचालक होता चार्ल्स व्हिटमन. तो पेनिकीसला आला होता तेव्हा बोस्टनच्या एका शाळेत शिक्षक होता. आणि १८८८ च्या त्या पहिल्याच उन्हाळ्यात तेथे कामाला बसलेल्यांत कॉर्नेलिया क्लॅप होती. तिने पुढे ‘टोडफिश’ या माशावर संशोधन करून डॉक्टरेट मिळवली आणि १९१६ पर्यंत माउंट होलिओकच्या मुलींना शिकवले.

१४/२०
दुसरा धागा जपानला जातो. अगासीचा जुना विद्यार्थी एडवर्ड मोर्स १८७७ मध्ये जपानला गेला आणि एनोशिमा येथे कोळ्याच्या एका झोपडीत त्याने सागरी प्रयोगशाळा थाटली. टोकियो विद्यापीठात त्याच्या जागी पुढे आला तो हाच व्हिटमन. इकडे पेनिकीसच्या पहिल्या तुकडीतील विल्यम ब्रुक्स बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राध्यापक झाला, १८७८ मध्ये त्याने चेसापीक उपसागरावर फिरती प्रयोगशाळा सुरू केली आणि कालवांच्या वाढीचा अभ्यास केला. त्याच्याकडे शिकलेल्या मित्सुकुरी काकिची याने मायदेशी परतून १८८६ मध्ये मिसाकी येथे जपानचे सागरी जीवशास्त्र केंद्र उभारले. ब्रुक्सच्याच आणखी एका विद्यार्थ्याला, थॉमस हंट मॉर्गन याला, १९३३ मध्ये नोबेल मिळाले.

१५/२०
तिसरा धागा पॅसिफिक किनाऱ्याचा. पहिल्या तुकडीतील डेव्हिड स्टार जॉर्डन पुढे मत्स्यशास्त्रज्ञ आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाचा पहिला अध्यक्ष झाला. त्याच्या काळात, १८९२ मध्ये, पॅसिफिक ग्रोव्ह येथे हॉपकिन्स सागरकाठ प्रयोगशाळा सुरू झाली. तेथे उन्हाळ्याच्या सुट्टीत काम करणाऱ्यांत नेटी स्टीव्हन्स ही स्त्री होती. अनेक वर्षे शाळेत शिकवून, पैसे साठवून तिने तिशी उलटल्यावर विद्यापीठात प्रवेश घेतला होता. १९०५ मध्ये पिठातील किड्यांच्या पेशींचे निरीक्षण करून तिने दाखवले की नर की मादी हे गुणसूत्रांवरून ठरते. समुद्रकाठच्या या शाळांनी शिक्षिकांसाठी संशोधनाचे दार किती रुंद उघडले, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे.

१६/२०
येथवरची कथा वाचून अगासीविषयी आदर दाटला असेल, तर क्षणभर थांबा. मानववंश वेगवेगळे निर्माण झाले आणि ते समान नाहीत, असे अगासी मानत असे व जाहीरपणे सांगत असे. १८५० मध्ये त्याच्यासाठी दक्षिण कॅरोलायनातील कोलंबिया येथे छायाचित्रकार जोसेफ झीली याने गुलामगिरीतील आफ्रिकी स्त्री-पुरुषांची छायाचित्रे चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यांवर घेतली. त्यांत रेंटी नावाचा पुरुष आणि त्याची मुलगी डेलिया होती. त्यांचे कपडे उतरवण्यात आले; संमती विचारण्याचा प्रश्नच नव्हता. हे पत्रे १९७६ मध्ये हार्वर्डच्या एका संग्रहालयाच्या माळ्यावर सापडले. रेंटीची वंशज असल्याचे सांगणाऱ्या एका स्त्रीने २०१९ मध्ये न्यायालयात धाव घेतली आणि २०२५ मध्ये झालेल्या समझोत्यानुसार हार्वर्डने त्यांवरील हक्क सोडला.

१७/२०
हा प्रश्न मला सर्वांत अस्वस्थ करतो. माशाकडे तीन दिवस पाहायला लावणारा हा गुरू माणसाकडे का पाहू शकला नाही? माझे उत्तर असे: माशाच्या बाबतीत तो विद्यार्थ्याला निष्कर्ष सांगत नसे. रेंटीच्या बाबतीत मात्र निष्कर्ष आधीच ठरला होता, छायाचित्रे केवळ पुराव्यासाठी हवी होती. अशा नजरेला कितीही वेळ दिला तरी तिला काही नवे दिसत नाही. उत्क्रांतीच्या बाबतीतही हेच घडले. डार्विनला अगासीने अखेरपर्यंत विरोध केला. त्याचा शेवटचा लेख मृत्यूनंतर जानेवारी १८७४ मध्ये छापला गेला, तोही उत्क्रांतीविरुद्धच. पण त्याने पाहायला शिकवलेले ब्रुक्स, जॉर्डन, व्हिटमन हे सारे उत्क्रांतीच्या बाजूने गेले. त्यांनी गुरूचे निष्कर्ष सोडले आणि त्याची पद्धत ठेवली.

१८/२०
पण शिष्यही निर्दोष नव्हते. जॉर्डन पुढे सुप्रजननवादाचा, म्हणजे ‘श्रेष्ठ’ माणसांचीच संतती वाढावी असे मानणाऱ्या विचाराचा, प्रमुख पुरस्कर्ता झाला. २०२० मध्ये स्टॅनफर्डने एका इमारतीवरील त्याचे नाव काढण्याचा आणि तेथील अगासीचा पुतळा हलवण्याचा निर्णय घेतला. त्याआधी, २००२ मध्ये, केंब्रिजमधील अगासीच्या नावाच्या शाळेचे नाव बदलले गेले होते. अगासीच्या वंशविषयक मतांविषयी वाचून ही मागणी पुढे आणणारा होता एक शाळकरी मुलगा. शाळेला आता मारिया बाल्डविन यांचे नाव आहे. त्या कृष्णवर्णीय होत्या आणि १८८९ पासून अनेक वर्षे त्याच शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. शिक्षिकेचे नाव शाळेला मिळावे, यात मला पेनिकीसशी एक प्रकारची सुसंगती दिसते.

१९/२०
मग आजचे काय? १९९६ मध्ये अमेरिकेची राष्ट्रीय विज्ञानशिक्षण मानके प्रसिद्ध झाली, तेव्हा पृथ्वीचा सुमारे ७१ टक्के पृष्ठभाग व्यापणाऱ्या महासागराला त्यांत नगण्य स्थान होते. हे पाहून शास्त्रज्ञ आणि शिक्षक एकत्र बसले आणि २००५ मध्ये ‘सागरसाक्षरते’ची सात तत्त्वे प्रसिद्ध झाली. त्यांतील पहिलेच तत्त्व सांगते की पृथ्वीवर महासागर एकच आहे; नावे आपण वेगवेगळी दिली. पुढे युनेस्कोने ही कल्पना उचलली, आणि २०२१ ते २०३० हे संयुक्त राष्ट्रांचे महासागरविज्ञान दशक आहे. शिक्षकांसाठी पाठसंच, चित्रफिती, प्रशिक्षणवर्ग आज उदंड आहेत. परंतु कितीही साधने आली तरी पेनिकीसचा मूळ प्रश्न जागच्या जागी आहे: मुलांना समुद्र दाखवणाऱ्या शिक्षकाने स्वतः तो पाहिला आहे काय?

२०/२०
१९२९ मध्ये पेनसिल्वेनियाच्या अंतर्भागात वाढलेली २२ वर्षांची एक तरुणी वुड्स होलच्या प्रयोगशाळेत उन्हाळ्यासाठी आली आणि तेथे तिने आयुष्यात प्रथमच समुद्र जवळून पाहिला. तिचे नाव रेचल कार्सन. समुद्रावरील तिच्या १९५१ च्या पुस्तकाने पुढे लक्षावधी वाचकांना समुद्राकडे पाहायला शिकवले. पुस्तकांऐवजी निसर्ग वाचा, असे सांगणारा पेनिकीसचा फलक आज त्याच वुड्स होलच्या ग्रंथालयात जपून ठेवला आहे. हा विरोधाभास मला आवडतो. निसर्ग पाहून आलेल्या माणसाने लिहिलेले पुस्तकही शेवटी एक खिडकीच असते.

गेल्या दिवाळीत गावी गेलो असताना ओहोटीच्या वेळी पुतणीला घेऊन मी खडपांवर गेलो. एका डबक्यात तारामासा होता. तिने तो न उचलता बराच वेळ पाहिला आणि विचारले, ‘काका, ह्याचं तोंड कुठंय?’ कंटकचर्मी संघ मला पाठ होता. तोंड मात्र मी कधी पाहिले नव्हते. आम्ही दोघे वाकून शोधू लागलो.

धागा येथे पूर्ण करतो. तुमच्या शाळेने तुम्हांला कधी समुद्र, नदी किंवा गावचे तळे ‘पाहायला’ नेले असेल, तर त्या शिक्षकांविषयी खाली अवश्य लिहा.